नसलेली पायरी

—नाही, तळवा वर. असा. आणि मूठ आवळू नकोस, शिरा फुगतात. फोन तिकडे ठेव, त्या शाईच्या बाटल्यांना टेकवून. हां, पण फक्त हात दिसू दे, माझं थोबाड नको त्यात. आवाजाचं काय, तुम्ही लोक नंतर वर गाणंच टाकता—ते संथ, रडकं, कुणीतरी पाण्याखाली बसून गातंय असं. टाका. मला काय करायचंय. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, मला भावा म्हणू नकोस. आल्यापासून तुझं चाललंय, भावा बसू का, भावा दुखेल का. मित्रा म्हण, टॅटूवाला म्हण, नुसतं हूं म्हण. भाऊ मला एकच होता आणि त्याच्या चपला अजून त्या दारामागे आहेत. आता हे स्पिरिट, गार लागेल. केस काढून घेतो आधी. काय? रविवारचं नंतर बोलू. आधी हात.

मला कळत नाही असं समजू नकोस. तू नुसता हातासाठी आलेला नाहीस, तुला टोपीवाल्यानं पाठवलंय. तोच रे तुमचा, जिमच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी प्रार्थनेला माइक धरून उभा राहतो तो, भर उकाड्यात लोकरीची टोपी घालून. देवाला त्याचं टक्कल दिसू नये म्हणून असेल. हसलास? हस, पण हात हलवू नकोस. त्याला मी हवाय. स्टेजवर. 'फक्त दोन मिनिटं, भावा, फक्त दादाचे शेवटचे क्षण सांग, पोरांना बळ मिळेल.' मला फोन आला होता त्याचा. मागे गिटार वाजत होती. फोनवर बोलताना मागे गिटार लागते ह्या माणसाला! मी ठेवून दिला. मग त्यानं आईला गाठलं. आणि आता तुला पाठवलंय, कारण तुझा चेहरा गरीब आहे.

हे बघ, मला देवाचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा. मला किळस येते ती तुमची. खरं बोलतोय, तोंडावर बोलतोय. हल्ली जो येतो त्याला देव हवा. पूर्वी वाघ मागायचे, विंचू मागायचे, पोरीचं नाव मागायचे, आणि मग ते नाव झाकायला गुलाब मागायचे. ते मला कळायचं. प्रेम करायचं, गोंदवायचं, भांडायचं, झाकायचं. आता देव. परवा एक आला, अंगाला अत्तराचा असा भपकारा की मला शिंका सुटल्या. म्हणाला, देव काढा, पण बाही खाली केली की दिसता कामा नये, नोकरीच्या मुलाखती चालू आहेत. म्हटलं, मग दिसणार कधी? तर म्हणे, जिममध्ये. म्हणजे देवाला ऑफिसात बंदी आणि जिममध्ये हजेरी. दुसऱ्यानं विचारलं, डोळ्यांचा रंग माझ्या बुटांना जुळवता येईल का. कुणाच्या डोळ्यांचा म्हणून मी विचारलं, तर देवाच्याच! आणि ती एक पोरगी, तिथंच बसली होती, तू बसलायस त्या खुर्चीत, डोळे मिटलेले, ओठ हलतायत, चेहरा असा शांत. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी आहे. मी मशीनचा आवाजही कमी केला, तिची प्रार्थना मोडू नये म्हणून. तर कळलं, कानात ते फोनचं पांढरं बोंडूक खुपसलेलं आहे आणि ती हळू आवाजात कुणाला तरी शिव्या घालतेय. काय एकेक शिवी! मी पुरुष असून मला लाज वाटली.

दादाला राग यायचा नाही. तो हसायचा. म्हणायचा, येऊ दे रे, उंबऱ्यापर्यंत तर आलेत. मी म्हणायचो, चपला आत आणतायत ते बघ. तो म्हणायचा, तू फरशी पुसायला आहेस की. असं होतं आमचं.

हा कागद बघ. हात नको लावू, बघ नुसता. तुम्हा सगळ्यांना हवी ती ही शिडी त्यानं काढलेली, पेन्सिलीनं. बाहेरचे टॅटूवाले फोटोवरून छापून लावतात, सरळसोट, रूळ लावल्यासारखी. मी प्रत्येक वेळी ह्याच कागदावरून हातानं गिरवतो. ही डावी बाजू जराशी आत वळलीय ना, तिथं त्याला खोकला आला होता. मी तो खोकलासुद्धा गिरवतो. मग तो निळा ठसा तुझ्या कातडीवर उतरवतो, असा, दाबून धरायचा, हलायचं नाही. बघ. आली शिडी. मनगटापासून कोपरापर्यंत. आणि मधली एक पायरी नाही. बरोबर? आता सांग, टोपीवाला काय सांगतो ह्या पायरीबद्दल. सांग ना, सगळ्या पोरांना पाठ आहे. हां. 'जिथं माणसाची पायरी संपते, तिथं देवाचा हात सुरू होतो.' वा. टाळ्या. दिवे मंद करा. आता तू एक कर, मान वळव. हात नको, नुसती मान. त्या कोपऱ्यात बघ, पडद्याच्या बाजूला. ती शिडी दिसते? माळ्यावर जायची. दुकान तेच घर; आम्ही दोघं वर झोपायचो, आई खाली, पडद्यामागं. खालून वर बघत जा. दिसलं? मधली पायरी आहे का? नाही ना? ती मी मोडली. लहान होतो. दादानं शेवटचं बिस्किट खाल्लं म्हणून चिडून वरून धावत खाली आलो, पायरीसकट आदळलो, ढुंगण सुजलं, आईनं वर दोन ठेवून दिल्या. ही तुमची देवाची खूण. ज्याच्यावर तो टोपीवाला रविवारभर बोलतो ना, ते माझं सुजलेलं ढुंगण आहे.

हसत नाहीस आता. बरं.

सुरू करतो. आवाजाला घाबरू नकोस, आवाज जास्त आणि दुखणं कमी. मनगटाकडून वर जातो. श्वास रोखायचा नाही. चक्कर येईलसं वाटलं तर सांगायचं, मर्दानगी दाखवायची नाही, गेल्या आठवड्यात एक धिप्पाड गडी खुर्चीसकट पडला माझ्या अंगावर.

तर दादानं ती शिडी स्वतःच्या हातावर स्वतःच काढली. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. उजव्या हातात मशीन, डावा हात टेबलावर, आणि मी कातडी ताणून धरलेली, कारण ते एकट्याला जमत नाही. मी विचारलं, अरे, मधली राहिली. म्हणाला, नाहीये तर काढू कशी? एवढंच. देव नाही, बीव नाही. नाहीये तर काढू कशी. आपल्या घरातली शिडी त्यानं आपल्या हातावर काढली, माणूस आपल्या घराचं चित्र काढतो तशी. आता तुम्ही सगळे माझ्या घराची शिडी हातावर घेऊन गावभर फिरताय, आणि मी रोज रात्री तीच चढतो.

मग मी का काढतो म्हणशील. धंदा आहे म्हणून. आई आहे, दुकान आहे. आणि—नाही, धंदाच. ही जी रेघ आहे ना, ही लांब, बाजूची, ही ओढताना हात कसा जातो माहितीय? त्याचा गेला होता तसा जातो. खाली, जरा आत, खोकल्यापाशी थबकून, परत बाहेर. तेवढं अंतर माझा हात माझा नसतो. मग रेघ संपते आणि समोर कुणाचा तरी घामट हात असतो.

सकाळी उतरताना तो त्या पायरीपाशी थांबायचा. रोज. जिथं पायरी नाही तिथं. एक पाय वर, एक हात दांड्याला, डोळे मिटलेले, कितीतरी वेळ. मी वरून ओरडायचो, अरे उतर ना, मला जायचंय खाली, इथं फुटायची वेळ आलीय. उतरला की तोंड असं काहीतरी—धुतल्यासारखं. झोप उडालेली नसायची त्याची, दुसरं काय. अर्धवट झोपेत माणूस थांबतोच. ... थांबतोच की.

हं, इथं दुखतं. कोपराच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. दादाही इथंच ओरडला होता. ओरड तू पण, इथं कुणी नाही.

एक विचारू? तू त्या रविवारी होतास. होतास रे, नाही म्हणू नकोस, मी ती क्लिप बघितलीय. सगळ्या जगानं बघितली. दादा जमिनीवर बसलाय, पाय लांब करून, घाम सुटलाय, आणि तुम्ही सगळे गोल करून. टोपीवाला डोळे मिटून काहीतरी पुटपुटतोय. आणि हात. दादाच्या पोटावर हातच हात, भांड्यात कालवायला घातल्यासारखे. एक निळा शर्ट होता. चेहरा अर्धाच येतो, पण कानावरचा हा तीळ येतो. डावा हात पुढे केला होतास. हाच ना? हाच. तू खुर्चीत बसलास आणि हात पुढे केलास तेव्हाच ओळखला मी. ... घाबरू नकोस. नीट करतोय. बघ, रेघ कुठे हललीय का? दादानं शिकवलंय मला, हातावर राग काढायचा नाही, कुणाचाही हात असला तरी. फक्त तू हात ओढू नकोस आता. ओढलास तर वाकडी होईल आणि लोक म्हणतील मी मुद्दाम केली.

त्याचं पोट आधी बेंबीपाशी दुखत होतं. मग उजवीकडे सरकलं. अंगात ताप, खाल्लेलं बाहेर. मी म्हटलं, चल दवाखान्यात. म्हणाला, रविवार होऊ दे, पोरं वाट बघतील, मग जाऊ. आई म्हणाली, चल बाळा. तिलाही तेच, रविवार होऊ दे. कसला रविवार रे! ज्या हॉलमध्ये एरवी लोक दंडाच्या बेटकुळ्या काढतात तिथं चटया टाकायच्या, दिवे निळे करायचे, आणि एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं. घरी बापाशी बोलायचं नाही, आईला ताट उचलून द्यायचं नाही, आणि तिथं जाऊन अनोळखी माणसाच्या खांद्यावर नाक पुसायचं. आणि तो तिथं पोट धरून चालत गेला. मी रस्त्याच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो होतो. वाकून चालत होता, म्हाताऱ्यासारखा.

आणि आला तो ताठ.

तुम्ही खांद्यावर घेऊन आणलंत ना त्याला? नाचत. रस्त्यात गलका. मी दार उघडलं, तर हा हसतोय. म्हणाला, गेलं रे. दुखणं गेलं. हात ठेवले आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि गेलं. आणि तुम्ही सगळे दारात, डोळे पुसताय, फोन धरताय. आईनं सगळ्यांना पाणी दिलं. तू पण प्यायलास माझ्या घरचं पाणी. दादा जेवला, किती दिवसांनी. आई त्याच्या ताटाकडे बघत बसली, वाढायचंही विसरली. आणि मी—मी वर झोपायला गेलो, शिडीवर मधे थांबलो, ती पायरी नाही तिथं, हात लाकडावर ठेवला आणि म्हटलं... जाऊ दे. काही म्हटलं नाही. 'मानलं तुला' म्हटलं. बास? झालं समाधान? आयुष्यात एकदा. मला येत नाही तसलं काही, शाळेतसुद्धा प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचो आणि सातवीत तर शाळाच सुटली. पण त्या दिवशी मी म्हटलं, मानलं तुला, माझा भाऊ परत दिलास. आणि झोपलो. असा झोपलो, बाळासारखा.

डॉक्टरनं सांगितलं ना मला नंतर. बाई होती, माझ्याच वयाची वाटली, डोळ्यांखाली काळं. मी तिला म्हटलं, असं कसं होईल, त्याचं दुखणं थांबलं होतं, रविवारी थांबलं होतं, सगळ्यांनी बघितलंय. ती म्हणाली, थांबलं तेव्हाच अपेंडिक्स आत फुटलं. म्हणाली, फुगलेलं फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं. लोक फसतात. मग सगळीकडे पसरतं. हे तिनं अगदी सावकाश सांगितलं, पोराला सांगतात तसं. थोडा वेळ बरं वाटतं, लोक फसतात. कळलं तुला? तुम्ही ज्याला टाळ्या वाजवल्या, खांद्यावर घेऊन नाचलात, ज्याच्याखाली लाल बदाम टाकले लोकांनी, 'आमच्यासाठीही प्रार्थना करा' लिहिलं—ते त्याचं आतडं फुटत होतं. त्याचं मरण सुरू होत होतं आणि तुम्ही त्याला निळे दिवे लावले. आणि क्लिप अजून आहे. काढा म्हटलं तर टोपीवाला म्हणतो, भावा, किती लोकांना त्यातून आशा मिळतेय. मला ओकारी आली. खरोखरीची. फोन हातात धरून मोरीत ओकलो मी.

हात. हात ढिला सोड. पाणी देऊ? नको? मग राहू दे. थोडंच राहिलंय, वरच्या दोन पायऱ्या. रडायचं तर रड, पण खांदा हलू देऊ नकोस.

आणि मग दादा गेला, तर तुम्ही तेही सोडलं नाहीत. चमत्कार फसला म्हणून गप्प बसाल असं वाटलं होतं मला. पण नाही. तुमचं उत्तर तयार. त्याला बोलावलं होतं म्हणे वर. तो हसत गेला म्हणे. ओठांवर नाव होतं म्हणे. मग काय, त्याच्या हातावरची शिडी. फोटो मोठा करून हॉलमध्ये. आईला पहिल्या रांगेत खुर्ची. हॉलभर पोरं तिला आई म्हणतात, तिच्या मांडीवर डोकं ठेवतात, रडतात. घरी येते तेव्हा तिच्या पदराला कुणाकुणाच्या क्रीमचे वास येतात. पण ती जेवते, रविवारी. फक्त रविवारी नीट जेवते. म्हणून मी काही बोलत नाही. तू पण ठेवतोस का डोकं तिच्या मांडीवर? ... ठेव. एक जास्त काय, एक कमी काय.

हसत गेला! मी होतो तिथं, दवाखान्यात. आई बाहेर बाकावर होती, एकालाच आत सोडत होते. नाकात नळी, ओठ फुटलेले, पाणी मागतोय आणि पाणी द्यायचं नाही. मी कापूस ओला करून ओठांना लावत होतो. ह्याला हसणं म्हणतात? माझं मनगट धरलं त्यानं, किती जोर होता अजून. म्हणाला, हाका मारतोय रे. कुणी ओ देत नाहीये. मी म्हटलं, कुणाला मारतोयस, आईला बोलावू? तर मान हलवली. वर नाही बघितलं, बिलकुल नाही, माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, तू बोल. मला शब्द सापडत नाहीयेत, तू बोल माझ्यासाठी. आता मी काय बोलणार? तू सांग. मला एक ओळ येत नाही. तुम्हा सगळ्यांना येतात, चालीवर येतात, तुमच्यातलं कुणी नव्हतं तिथं. मी होतो. जो फक्त ओठ हलवतो तो. आणि तो माझं मनगट पिळतोय, बोल, बोल ना.

मग मला जे येतं ते मी बोललो. मला एकच पाठ येतं. त्यानंच शिकवलेलं, दुकानात आलो तेव्हा पहिलं, गिऱ्हाइकाला उठवण्याआधी म्हणायचं, एक शब्द चुकला तर कानफटात. पट्टी लगेच काढायची नाही. मग कोमट पाण्यानं धुवायचं, हलक्या हातानं. चोळायचं नाही, टिपून घ्यायचं. उन्हात जायचं नाही. खाज येईल, खाजवायचं नाही. खपली धरेल, ओढायची नाही, आपोआप पडेल. घाबरायचं नाही, खाली रंग जसाच्या तसा असतो. संपलं की परत पहिल्यापासून. पट्टी लगेच काढायची नाही. कोमट पाणी. मी त्याच्या कानाशी बोलत होतो, कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, वेडा झालाय. पण त्याची पकड सुटत गेली. श्वास सावकाश झाला. खाली रंग जसाच्या तसा असतो. परत पट्टी. परत कोमट पाणी. आणि मधेच त्यानं डोळे उघडले, अगदी माझ्याकडे बघितलं, दुकानात बघायचा तसं, आणि म्हणाला, मलम राहिलं.

मलम राहिलं. हे शेवटचं. पुढे काही नाही. मी विसरलो होतो मलम, गडबडीत, आणि तो—तशातही—. आता सांग तुझ्या टोपीवाल्याला. लावा म्हणावं दिवे निळे. म्हणा सगळ्यांनी चालीवर, मलम राहिलं.

बाहेर आलो तर आईनं पदर धरला. काही बोलला का रे? काही म्हणाला का? तिचं तोंड असं—मी काय सांगणार होतो तिला? हाका मारत होता, कुणी ओ दिली नाही, हे? म्हटलं, नाव घेतलं आई. हसला. झोप लागावी तसा गेला. ती तिथंच फरशीवर बसली आणि हात जोडले. आणि तुमच्या हॉलमध्ये जे चालतं ते सगळं तिथून आलंय, तुमचा तो हसरा फोटो, ओठांवरचं नाव, सगळं. माझ्याच तोंडून निघालेलं, आणि आता माझ्याच तोंडून परत हवंय तुम्हाला. माइकवर. आई पहिल्या रांगेत बसणार आणि मी तिच्या डोळ्यांत बघून—

झाली. शेवटची पायरी झाली. हलू नकोस, पुसतो. बघ. लाल दिसतंय ते उतरेल.

... ते काय लुकलुकतंय?

फोन. तो चालूच आहे का मघापासून? चालू आहे. आणि आवाज? येतो ना आवाज त्यात? वर गाणं नंतर टाकता, पण आधी सगळं येतं, हो ना? सगळं आलं त्यात. आईचं पण. दे इकडे. नाही, थांब, ग्लोव्हजला रक्त आहे, तूच घे. पुस ते. आत्ता, माझ्यासमोर. मला नको सांगूस पोरांना बळ मिळेल आणि सत्य कळेल. कळून काय करणार आहे ती? एक दिवस जेवते बाई आठवड्यात. पुस म्हटलं ना! ... दाबलंस? ते फोनच्या कचऱ्याच्या टोपलीत पण राहतं म्हणतात, तिथूनही काढ. दाखव. गेलं? खरंच गेलं? आणखी कुठं गेलं नाही ना आपोआप? शपथ घे. आईची नको, तिची पुष्कळ झाली. देवाची घे. देवाशपथ म्हण. हो, मीच म्हणतोय. काय बघतोस? तुझा आहे ना तो, मग घे त्याची. ... मोठ्यानं. ... बरं.

डोळे पूस. हा कागद घे, टिशू. बाहेर आई आलेली असेल, तिला काही दिसता कामा नये तोंडावर. आणि टोपीवाल्याला सांग, टॅटूवाल्याला बोलता येत नाही. सातवी नापास आहे म्हणावं, माइक बघितला की त-त-प-प होतं. काय वाटेल ते सांग.

हात दे, पट्टी बांधतो. घट्ट होतेय? उठ आता. सावकाश. पट्टी लगेच काढा—

...

टेबलावर छापील कागद आहेत, त्यातला एक उचल. मी तोंडी सांगत नाही हल्ली. छपाईवाल्याला एकदाच सांगितलं, त्यानं छापून दिलं. सगळं आहे त्यात. घरी जाऊन वाच. ... अरे, घरी वाच म्हटलं ना, इथं उभा राहून काय वाचतोयस? मागेही काही नाही, उलटून काय बघतोस. सगळं आहे. पट्टी आहे, पाणी आहे, ऊन आहे, खपली आहे—

काय राहिलं?

...

जा तू. जाताना दार ओढून घे.